चाल : 'ती'

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त कार्तिकी एकादशीच्या संध्याकाळी सोसायटीच्या सभागृहात केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून बोललो तसंच लिहून दिलं आहे.)



कमिटीनं मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांची कल्पना अशी होती की मी ठेवी, व्याजदर, मृत्युपत्र आणि नॉमिनेशन यांवर बोलेन. सारी उमर बँकेत काढलेल्या माणसाकडून लोकांची तीच अपेक्षा असते. तर नॉमिनेशन सगळ्यांनी करून ठेवा, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरही करा, आणि तो विषय आपण इथंच मिटवू. मला आज बोलायचंय भजनाच्या चालींबद्दल.

कारणही सांगतो. गेले दोन महिने आपल्या भजनी मंडळात एक वाद चाललाय, तो तुमच्यापैकी निम्म्या लोकांना लिफ्टमध्ये ऐकू आलाच असेल. तरुण मंडळींचं म्हणणं असं की प्रत्येक अभंगाची एक चाल ठरवावी, तिचं चांगलं रेकॉर्डिंग करावं, ते स्पीकरवर लावावं आणि सगळ्यांनी त्याबरोबर म्हणावं. म्हणजे गोंधळ नाही, बेसूर नाही, पखवाजवाल्याची वाट बघणं नाही. म्हाताऱ्यांचं म्हणणं, हे भजन नव्हे, ही सकाळची कवायत. दोन्ही बाजूंनी आवाज चढले. मला वाटतं या भांडणात दिसतं त्याहून जास्त काही आहे, म्हणून थोडं मुळापासून सांगतो.

अभंग म्हणजे शब्द, आणि चाल म्हणजे ते शब्द ज्या सुरावटीत आपण म्हणतो ती. शब्द गाथेत आहेत. तुकोबांचेच साडेचार हजारांवर अभंग छापलेले आहेत, दुकानातून आणता येतात. चाल मात्र गाथेत नाही. वारकऱ्यांच्या भजनमालिकेच्या पुस्तकातही नाही. तिथं फक्त कुठल्या अभंगानंतर कुठला घ्यायचा हे आहे. चाल एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या कानात जाते, तिला तिसरी जागा नाही.

आता गंमत बघा. मोठ्या अभंगाचं माप ठरलेलं असतं : सहा अक्षरं, सहा अक्षरं, सहा अक्षरं आणि शेवटी चार. लहान अभंगाचं आठ-आठ. माप एकच असल्यामुळं एक चाल शेकडो अभंगांना बसते. शिंप्याकडं एकच माप असावं आणि गावातल्या सगळ्यांच्या अंगाला तो सदरा यावा, तसं. त्यामुळं चालीला स्वतःचं नाव नसतं. आमच्याकडं ती ओळखली जायची माणसावरून नाहीतर गावावरून. 'औशाची चाल', 'दादाची चाल', 'चातुर्मासात आणलेली चाल'. कुणी पंढरपूरला चार महिने मठात राहून आला की गावातले लोक आधी विचारायचे, काय आणलंस? म्हणजे प्रसाद नव्हे, चाल.

माझं गाव सास्तूर. तेव्हा उमरगा तालुका, आता लोहारा. तेव्हा उस्मानाबाद जिल्हा, आता धाराशिव. आमचा भाग सीमेवरचा, मराठीत कानडी मिसळलेली आणि उर्दूही. माळकऱ्यांचं भजन वेगळं, लिंगायत मंडळींचं शिवभजन वेगळं. त्यांच्यात कपिलधारच्या मन्मथ स्वामींचे अभंग म्हणतात. पण बसण्या-उठण्यात अंतर असलं तरी चाली इकडून तिकडं बिनबोभाट जात. सोमवारी शिवभजनात ऐकलेली चाल एकादशीला आमच्या पारावर तुकोबांच्या अभंगाला लागलेली मी स्वतः ऐकलीय. कुणी परवानगी मागितली नाही, कुणी हक्क सांगितला नाही. औसा जवळच, एसटीच्या टप्प्यात. तिथल्या नाथ संस्थानाचं चक्रीभजन प्रसिद्ध आहे, तिकडून परतणारा प्रत्येक माणूस काहीतरी कानात घेऊन यायचा.

शिकण्याची पद्धत अशी. तुम्हाला कुणी शिकवत नसे. पोरगं सात-आठ वर्षांचं झालं की त्याच्या हातात टाळ देऊन मागच्या रांगेत बसवायचे. पहिली दोन वर्षं फक्त टाळ, तोंड बंद. टाळ चुकला तर शेजारचा कोपरानं ढोसणार. मग ध्रुपद धरायची परवानगी. म्हणजे पुढच्यानं चरण म्हटला की मागच्यांनी ध्रुपद उचलायचं. असं पाच-सहा वर्षं झालं की एखाद्या रात्री, बहुतेक उशिरा, पुढचे दमलेले असताना, कुणीतरी मागं वळून म्हणायचं, 'घे की रं आता एखादा.' तोवर तुमच्यात तीस-चाळीस चाली मुरलेल्या असायच्या, आणि त्या कधी आल्या हे तुम्हाला सांगता यायचं नाही.

आमच्या गावात पेटीवर एक मामा बसायचे. सगळा गाव त्यांना मामाच म्हणायचा. त्यांची पट्टी काळी एक. आवाज फार गोड नव्हता, थोडा जाडाभरडा होता. पण चालीचा पक्का. एकच चाल काकड्याला ते अशी म्हणत की झोप उतरावी, आणि तीच रात्री गौळणीआधी अशी की पेंगणारा सरळ बसावा. फरक फक्त लयीत आणि कुठं थांबायचं त्यात. त्यांची लाल कापडात शिवलेली एक वही होती. अभंग हातानं लिहिलेले, आणि प्रत्येक अभंगाच्या डोक्यावर बारीक अक्षरात चालीची खूण. 'चाल : औशाची.' 'चाल : दादाची.' आणि पाच-सात ठिकाणी नुसतं, 'चाल : ती.'

३० सप्टेंबर १९९३. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा, गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असताना भूकंप झाला. आमच्याकडची घरं म्हणजे दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार, पण त्या पहाटे त्याच मातीनं माणसं गाडली. किल्लारीचं नाव सगळ्यांना माहीत झालं. सास्तूरही त्याच पट्ट्यात. ५२ गावं भुईसपाट झाली, सरकारी हिशेबानं ७,९२८ माणसं गेली. आमच्या घरातली तीन. त्याविषयी मी आज बोलणार नाही.

मामा गेले. पखवाजवाले गेले. पुढच्या रांगेतले बहुतेक सगळे गेले, कारण ते वयानं मोठे आणि जुन्या वाड्यांत राहणारे. वही मात्र निघाली, एक कोपरा फाटलेला, बाकी शाबूत.

भूकंप झाला त्या दिवशी पौर्णिमा होती. पुढची पौर्णिमा कोजागिरीची, त्या पहाटेपासून काकडा सुरू होतो. मी तेव्हा रजा काढून गावाकडं होतो. पत्र्याच्या शेडमध्ये लोक राहायचे. काकडा करायचा की नाही यावर दोन दिवस कुणी उघड बोललं नाही. मग एका म्हातारीनं पहाटे शेडबाहेर समई ठेवली आणि बसली. हळूहळू पंधरा-वीस माणसं जमली. टाळाचे तीन जोड होते, पखवाज नाही, पेटी नाही. वही मधोमध. शब्द समोर, आणि तोंड कुणाचंच उघडेना. कारण अभंग 'घेणारे' सगळे गेलेले, राहिलेले सगळे ध्रुपद धरणारे. मग बारा-तेरा वर्षांच्या एका पोरानं सुरुवात केली. मामांच्या मागं बसून टाळ वाजवणारा पोरगा. त्याला शब्द पुरते येत नव्हते, ते बायकांनी पुरवले. चाल त्याची, शब्द त्यांचे, असं करत तासभर काकडा झाला. 'चाल : ती' आली की सगळे त्याच्याकडं बघायचे. दोन ठिकाणी तो म्हणाला, 'ती म्हंजे ही,' आणि म्हणून दाखवली. बाकीच्या ठिकाणी त्यानं मान हलवली. त्या चाली मामांबरोबर गेल्या. आता त्या कुणालाच येत नाहीत, आणि वहीत बघून येणार नाहीत.

ढिगाऱ्यातून वही निघते, चाल निघत नाही, हे मी त्या महिन्यात बघितलं.

पुढं बदल्यांच्या निमित्तानं महाराष्ट्र बघितला. कोकणात डबलबारी ऐकली : दोन बुवा समोरासमोर, सवाल-जवाब, झांज आणि मृदंगाचा असा दणका की आमच्याकडचा माळकरी उठून जाईल. अमरावतीकडं तुकडोजी महाराजांची खंजिरी. गोव्यात वास्कोला श्रीदामोदराचा भजनी सप्ताह, चोवीस तास गाणं तुटू द्यायचं नाही, एक पार उठला की दुसरा बसला. सगळीकडं भजनच, पण प्रत्येक ठिकाणी वेगळी शिस्त. वेगळेपणाबद्दल माझी तक्रार नाही. उलट बँकेनं सगळ्या शाखांत एकच रजिस्टर आणलं ते ठीक होतं. चालींचं तसं करू नये.

आता थोडं लांबचं सांगतो. धाकटी मुलगी आयर्लंडमध्ये गॉलवेला असते. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं उन्हाळ्यात तिच्याकडं राहिलो. जावईबापू म्हणाले, चला, तुम्हाला इथलं भजन दाखवतो. घेऊन गेले कुठं, तर पबमध्ये! हिनं दारातच माझ्याकडं असं बघितलं की मी आधी चहा मागवला. मिळाला, तिथं मिळतो.

कोपऱ्यात आठ-दहा माणसं गोल बसलेली. स्टेज नाही, माईक नाही, लोकांकडं पाठ. फिडल, बासरी, एक छोटी पत्र्याची शिट्टी, हातपेटी, आणि बोकडाच्या कातड्याचा एक डफ, त्याला ते बौरान म्हणतात. याला तिथं सेशन म्हणतात. वाजवतात त्या मुख्यतः नाचाच्या चाली; त्यातली जलद चार मात्रांची जात म्हणजे रील. रीलचे दोन भाग, प्रत्येक आठ आवर्तनांचा, प्रत्येक भाग दोनदा. अशी आख्खी चाल साधारण तीनदा फिरली की जो पुढारी असतो तो नुसती भुवई उडवतो किंवा 'हप' म्हणतो, आणि सगळे न थांबता दुसऱ्या चालीत उडी घेतात. आपण अभंगातून गजरात जातो ना, तसं.

मी तीन तास बसलो आणि मला सास्तूरचा पार दिसायला लागला. कागद कुणापुढं नाही. ज्याला चाल येत नाही तो वाद्य मांडीवर ठेवून गप्प ऐकतो. येत नसताना मध्ये वाजवणं हा मोठा असभ्यपणा. डफवाला एकच, दुसरा आला तर तो पहिल्याची पाळी संपायची वाट बघतो. एक शाळकरी मुलगी शिट्टी घेऊन मागं बसली होती. दोन तासांनी एका म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघून मान हलवली. 'घे की रं आता एखादा' ला तिकडं शब्द लागत नाहीत एवढंच.

एक फरक मात्र मजेचा. आपल्या चालीला शब्द आहेत, नाव नाही. त्यांच्या चालीला नाव आहे, शब्द नाहीत. आणि नावंही एका चालीला चार-चार. एका तालुक्यात एक, पलीकडं दुसरं. वाजवणाऱ्याला विचारलं तर म्हणतो, नाव आठवत नाही, पण ही मी अमक्या म्हाताऱ्याकडून घेतली. म्हणजे पुन्हा 'चाल : दादाची'.

तिथंच मला फ्रान्सिस ओ'नील यांची हकीकत कळली. हा माणूस १८४८ साली कॉर्क परगण्यात जन्मला, सोळाव्या वर्षी जहाजावर गेला, फिरत फिरत अमेरिकेत पोचला, शिकागो पोलिसांत शिपाई म्हणून लागला आणि १९०१ ते १९०५ तिथला पोलीस प्रमुख झाला. दुष्काळानं आणि गरिबीनं आयर्लंडमधून लाखो लोक बाहेर पडले होते, शिकागोत प्रत्येक परगण्यातला माणूस सापडायचा. ओ'नील त्यांच्याकडून चाली गोळा करायचे. स्वतः बासरी वाजवत, पण ऐकलेलं स्वरलिपीत उतरवायला त्यांना दुसऱ्या एका ओ'नीलची मदत घ्यावी लागली. तोही पोलिसातलाच, नातं काही नाही. चांगल्या वादकाला ते पोलिसांत चिकटवून घेत असंही म्हणतात. ते ऑडिटला कसं बसलं देव जाणे. १९०३ साली त्यांनी १,८५० चालींचं पुस्तक काढलं आणि १९०७ साली १,००१ नाचाच्या चालींचं. आज तिकडचे वादक या दुसऱ्याला नुसतं 'पुस्तक' म्हणतात.

आपल्याकडंही असं काम झालंय. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या बायकांकडून गोळा केल्या. शब्द लिहून घेतले आणि पुष्कळ ओव्यांचा आवाजही ठेवला. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, जातं बंद पडलं तसं त्यावरचं गाणंही. ते काम झालं नसतं तर आज आपल्या नातींना ओवी म्हणजे फक्त ओव्याची शेव समजली असती.

आता आपल्या भांडणाकडं येतो.

तरुणांना मी विचारतो, तुम्ही जी 'एक चाल' ठरवणार ती कुणाची? तुम्ही मोबाईलवर शोधाल तेव्हा आधी भीमसेनजी येतील, लताबाई येतील. श्रीनिवास खळे, राम फाटक यांनी बांधलेल्या त्या चाली मला अतिशय प्रिय आहेत. 'अभंग तुकयाचे' ही लताबाईंची तबकडी आमच्या घरी झिजेपर्यंत वाजलीय. पण त्या एका गळ्यासाठी, वाद्यमेळासाठी बांधलेल्या रचना आहेत. आपल्या बी विंगमधल्या काकांनी लताबाईंच्या पट्टीत तार सप्तक धरायचं म्हटलं तर शेजारी डॉक्टर ठेवावा लागेल. भजनाची चाल बांधलेलीच अशी असते की सामान्य गळ्याच्या पंचवीस माणसांना ती एकत्र झेपावी. लोकप्रिय रेकॉर्ड घरात आली आणि गावोगावच्या चाली लाजून गप्प बसल्या, हे मी पन्नास वर्षं बघतोय.

म्हाताऱ्यांनाही विचारतो. आपण नुसतं 'पूर्वीसारखं राहिलं नाही' म्हणतो. पण गेल्या पाच वर्षांत आपल्यापैकी किती जणांनी मागं वळून 'घे की आता एखादा' म्हटलं? त्या पोरांना मागची रांग मिळालीच नाही. ती थेट पुढं आली, हातात स्पीकर घेऊन. शिवाय आपण आपापसात काय कमी भांडलो? कुडाळकडची चाल लागली की साताऱ्याचे नाक मुरडणार, माझी लागली की दोघंही म्हणणार, फार संथ आहे. बायकांची पट्टी काळी चार, आपली काळी एक, यावर आपण दहा वर्षांत तोडगा काढला नाही. एक अभंग त्यांच्या पट्टीत, एक आपल्या, एवढं साधं होतं.

सन २००० मध्ये मंडळ सुरू झालं तेव्हा आपण अकरा जण होतो. सहा गेले. त्यातल्या खानदेशच्या काकूंची पसायदानाची एक चाल होती, पार वेगळी, खालून वर चढत जाणारी. मी गेल्या आठवड्यात चार जणांना विचारलं. सगळ्यांना ती 'होती' हे आठवतं. म्हणून कुणाला दाखवता येत नाही. भूकंप न होता ती गेली.

माझं म्हणणं म्हणून असं. रेकॉर्डिंग जरूर करा, उद्यापासून करा. पण ते ओ'नीलसारखं करा : जितके गळे तितक्या चाली, आणि प्रत्येकीबरोबर कुणाची, कुठल्या गावची, कुणाकडून आली हे बोलून घ्या. आणि भजनाच्या वेळी ते लावू नका. घरी ऐका, बसमध्ये ऐका, इथं बसलात की स्पीकर बंद. इथं चुकलं तर चुकू द्या. शेजारचा कोपर आहेच. स्पीकरला कोपर नसतो, आणि आपली लय आज थकलेली आहे का उत्साहात, हे त्याला कळत नाही. मामांनी एकच चाल पहाटे आणि रात्री वेगळी म्हटली असती का, स्पीकर लावला असता तर?

सास्तूरच्या त्या पोराकडून, आता तो चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे, टेम्पो चालवतो, मी गेल्या दोन वर्षांत चौदा चाली मोबाईलमध्ये घेतल्यात. त्या दोन 'ती'ही त्यात आहेत. पुनर्वसनाच्या नव्या गावात रुंद रस्ते आणि लांब-लांब घरं झाली, तरी काकडा होतो. पण त्याच्या मागं टाळ घेऊन बसणारी मुलं तीनच आहेत, म्हणून तो मला लगेच द्यायला तयार झाला. म्हणाला, 'काका, तिकडं पुण्यात कुणाच्या तरी कानात घाला.'

तेव्हा येत्या एकादशीपासून दर वेळी एकानं एक चाल सांगायची. पहिली पाळी कुडाळकरांची, दुसरी अमरावतीच्या वहिनींची, खंजिरी त्यांनी आणायची. रेकॉर्डिंग सी विंगची मुलं करतील, वही मी ठेवीन; हिशेबाची सवय आहे, 'चाल : ती' असं त्यात कुठंही लिहिलेलं सापडणार नाही. खानदेशच्या काकूंच्या सूनबाई आज इथं आहेत. त्यांना कामं करताना सासूबाईंचं गुणगुणणं ऐकू यायचं असं त्या म्हणाल्या; त्यांच्याशी मी आणि पेटीवाले उद्या चार वाजता बसतोय, ज्यांना थोडंफार आठवत असेल त्यांनी यावं.

आता माझं बोलणं पुरे. मागची मुलं जरा पुढं या, टाळ कपाटात उजवीकडं आहेत. पट्टी काळी एक. रूपाचा अभंग घेतो, शब्द सगळ्यांना पाठ आहेत; चाल सास्तूरची आहे, पहिली दोन चरणं नुसतं ऐका.